सनदेचा पहिला शब्द

सुभेदार, तुमचं पुस्तक छापखान्यात तयार आहे. मुखपृष्ठ झालं, अनुक्रमणिका झाली, सहा चौकटींची ती आकृती तीनदा बदलून अखेर बसली. अडलं आहे ते पहिल्या पानावर, जगभरच्या राष्ट्रांच्या त्या संघटनेच्या सनदेच्या पहिल्या शब्दावर. तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. शब्द अजून ठरलेला नाही, आणि आज दुपारपर्यंत सांगतो असं मी छापखान्याला कळवून बसलो आहे.

तुमच्या निधनाची बातमी आमच्या दैनिकात आठ ओळींत आली. मीच लिहिली. पलटण, हुद्दा, निवृत्तीचं वर्ष, मागे पत्नी आणि दोन मुली. एकही तपशील चुकला नाही, आणि ती वाचून तुम्ही कोण होता हे कुणालाही कळलं नसतं. म्हणून हा दुसरा मजकूर. यातल्या बहुतेक गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत. एक-दोन नाहीत.

आपली ओळख एका चुकीने झाली आणि चूक माझी होती. परदेशी बातम्यांच्या पानाला मी मथळा दिला होता: ‘शांतिसेना हल्ल्याच्या तयारीत’. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मुरगूडहून एसटीने कोल्हापूरला आलात, जिना चढलात आणि वृत्तसंपादकांच्या टेबलाशी न थांबता विचारत विचारत माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात घडी घातलेलं कात्रण.

‘‘पावणं, ह्यो मथळा कुणी दिलाय?’’

‘‘मी.’’

‘‘सेना कुठं दिसली तुमास्नी ह्यात?’’

मी म्हणालो, सगळी वर्तमानपत्रं शांतिसेनाच लिहितात.

‘‘सगळी चुकत्यात म्हणून तुमी बी चुकायचं व्हय?’’ शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. तुमचा आवाज खालच्या मजल्यावरच्या जाहिरात विभागातही गेला असणार. ‘‘मी गेलतो त्यात. एक वरीस निळं हेल्मेट डोस्क्यावर घिऊन आफ्रिकेत हिंडलोय. सेना शत्रूवर जाती. आमास्नी शत्रूच न्हवता. आमी राखणीला हुतो.’’

मग तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि राखण म्हणजे काय ते मला सांगितलंत. शाळू भरात आला की मचाणावर जो बसतो, तो पेरत नाही आणि कापतही नाही. पीक दुसऱ्याचं असतं. मालकाने बोलावलं तर जायचं, जा म्हटलं की उतरायचं. हातात गोफण असते, ती पाखरं उडवायला. पाखरं मारायला नव्हे. जगभरच्या राष्ट्रांनी मिळून उभी केलेली ती संघटना ज्यांना निळी शिरस्त्राणं देऊन पाठवते, त्यांचं काम एवढंच, असं तुमचं म्हणणं होतं. शांततेच्या राखणीविषयी मी पुढे पुष्कळ वाचलं. त्या दहा मिनिटांपेक्षा स्पष्ट कुठे सापडलं नाही.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी छापली. तुमचा फोन आला. ‘‘वाचली दुरुस्ती. मथळा बोटाएवढा आन् दुरुस्ती मुंगीएवढी. ठीक हाय.’’

महिनाभराने तुम्ही तीन वह्या घेऊन आलात. ही संघटना कुणी, कशापायी उभी केली आणि आत कोण कुठं बसतंय, हे तालुक्यातल्या माणसाला मराठीत कळलं पाहिजे, असं तुम्हाला वाटत होतं. पुस्तक तुम्ही लिहायचं आणि मी तपासायचं, असं ठरलं. गुरुवार माझ्या सुट्टीचा. मुरगूडला तुमच्या घरी पुढच्या सोप्यात बसायचं, मध्ये पाट, पाटावर वह्या. मंगलवहिनी आत-बाहेर करत.

पहिल्याच गुरुवारी तुम्ही कामाचा नियम सांगितलात.

‘‘सुरक्षा परिषदेत पंधरा जण बसत्यात. त्यातल्या पाच कायमच्यांस्नी नकाराधिकार. एकानं न्हाई म्हटलं की ठराव खाली. हितं आपण दोघं. दोघांस्नीबी नकाराधिकार. दोघं व्हय म्हटल्याबिगर एक पान म्होरं जायाचं न्हाई.’’

मी म्हणालो, परिषदेत दहा साधे सदस्यही असतात. इथे साधं कुणीच नाही.

‘‘मी हाय की,’’ वहिनी आतून म्हणाल्या. ‘‘मला अधिकार न्हाई, नुसता चहा.’’

‘‘ती आमसभा,’’ तुम्ही मला समजावून सांगितलंत. ‘‘तिथं लहान-मोठा समद्यांस्नी एकच मत. पर ठराव बांधून घेत न्हाई कुणाला. मानला तर मानला.’’

त्या दिवशी आमसभेचा ठराव असा होता की जेवल्याशिवाय उठायचं नाही. तो आपण दोघांनी एकमताने मानला.

किती वेळा तुम्ही नकाराधिकार वापरलात ते मी मोजलं नाही. प्रत्येक प्रकरणात दोन-तीनदा तरी. शांतिरक्षणाची तीन तत्त्वं मी अशी लिहिली होती: संबंधित बाजूंची संमती; तटस्थता; आणि स्वतःचं व सोपवलेल्या कामाचं रक्षण सोडून बळाचा वापर नाही. पहिलं आणि तिसरं तुम्ही पास केलंत. दुसऱ्यावर रेघ मारलीत.

‘‘तटस्थ म्हंजे काय ओ, पावणं?’’

‘‘कुणाची बाजू न घेणारा.’’

‘‘शबुद फोडा की. तट म्हंजे काठ. काठावर उभा ऱ्हायलेला त्यो तटस्थ. वेदगंगेत कोण बुडाय लागलं तर त्यो नुसता बघणार. आमी काय बघाय गेलतो?’’

तुम्ही ‘निष्पक्ष’ सुचवलंत. मी म्हणालो, दोन्हींत फार फरक नाही. तेव्हा तुम्ही कोल्हापुरात पेठापेठांमध्ये रंगणाऱ्या फुटबॉलच्या पंचाकडे वळलात. ‘‘पंच कुठल्याच पेठेचा नसतो, पर मैदानात असतो. फाऊल झाला की शिट्टी वाजिवतो. दोन्ही पेठांवर वाजिवतो. गॅलरीत बसून शिट्टी मारणाऱ्याला आपण पंच म्हणत न्हाई.’’

शब्द बदलला. मग मी विचारलं की आमच्या धंद्याचं काय करायचं. आम्हाला तर पहिल्या दिवसापासून तटस्थ राहायलाच शिकवलेलं असतं.

‘‘तुमास्नी काठ लागतोच,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘काठाबिगर बसून लिहिणार कुठं? पर कागुद कदी कदी भिजू द्यावा.’’

मी वही मिटली आणि पुढचं पान काढलं. त्या वेळी मला हे बोलणं विषयाबाहेरचं वाटलं होतं.

आकृतीवरून तीन गुरुवार गेले. संघटनेची सहा मुख्य अंगं: आमसभा, सुरक्षा परिषद, आर्थिक आणि सामाजिक परिषद, विश्वस्त परिषद, आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि सचिवालय. माझं म्हणणं, आकृती आजची असावी आणि चौकटी पाचच असाव्यात. जे प्रदेश स्वतंत्र व्हायचे राहिले होते त्यांच्यावर देखरेख ठेवणं हे विश्वस्त परिषदेचं काम. त्यातला शेवटचा प्रदेश मोकळा झाला आणि परिषदेचं काम थांबलं. काम नसलेल्या अंगाला चौकट कशाला?

‘‘काम सोडून बसलेली चौकट न्हवं ती,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘काम पुरं करून बसलेली हाय. बाकीच्या पाचांतल्या एकीला जमलंय व्हय हे?’’

वहिनींनी शेंगा सोलता सोलता भर घातली. ‘‘पेन्शनीत गेलेल्या माणसाचं नाव रेशन कार्डावरनं काढत न्हाईत, भावजी.’’

चौकट राहिली. मी तुटक रेषेची सूचना केली, ती तुम्ही मानलीत. ती आकृती पाहताना मला आता बरं वाटतं. पाच भरलेल्या रेषा आणि एक तुटक. एवढी मोठी यंत्रणा, तिच्यावर टीकेची दोन प्रकरणं याच पुस्तकात आहेत, आणि तिच्यातलं एक काम खरोखर संपलं आहे.

टीकेची ती प्रकरणं तुमचीच. मला वाटलं होतं, निळं शिरस्त्राण घातलेला माणूस संघटनेची वकिली करील. तुम्ही उलट केलंत. पाच जणांच्या नकाराने कामं कशी कुजतात ते लिहिलंत. राखणीला पाठवायचं आणि गोफण द्यायची नाही असंही होतं, ते लिहिलंत. आणि एक ओळ तुम्ही अभिमानाने लिहिली होती: ज्या कामाला आपण गेलो, त्याचं नावच सनदेत नाही. ते खरं आहे, मी तपासलं. सनदेत वाद मिटवण्याचे शांततेचे मार्ग एका प्रकरणात आहेत आणि बळाने करायची कारवाई पुढच्या प्रकरणात. निळी शिरस्त्राणं या दोन प्रकरणांच्या मधल्या जागेत पुढे जन्माला आली. ‘‘बांधावरचं काम,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘दोन्ही रानांत नाव न्हाई, पर बांध न्हाई तर रान न्हाई.’’

पुस्तकाच्या पहिल्या पानावर घ्यायची सनदेची उद्देशिका आपण शेवटी ठेवली होती. घर बांधून झाल्यावर दारावर पाटी लावायची, असं तुमचं म्हणणं. त्यामुळे पहिला शब्द अगदी शेवटी आला. इंग्रजीत तो शब्द, ‘वुई’, एकच आहे आणि त्यात काही अडचण नाही. मराठीत दोन आहेत. मी लिहिलं, ‘आम्ही, राष्ट्रांचे लोक’. तुम्ही ‘आम्ही’ खोडून पेन्सिलीने वर ‘आपण’ लिहिलंत आणि बाजूला तुमची लहान सही केलीत.

मी म्हणालो, हे जाहीरनाम्याचं लिखाण आहे. जाहीरनाम्यात ‘आम्ही’ असतं. आपल्या संविधानाचा आरंभही ‘आम्ही’नेच होतो.

संविधानाचं नाव निघालं की तुम्ही थोडे ताठ बसायचात. तेव्हाही बसलात. ‘‘तिथं बोलणारं बी देशातलंच लोक आन् ऐकणारं बी तेच. स्वतःच स्वतःला दिल्यालं हाय ते. त्या ‘आमी’च्या भाईर कोण उभाच न्हाई. म्हणून तिथं शोभतंय. हितं तसं हाय का? हितं सह्या करणारं निराळं आन् ऐकणारं निराळं.’’

मी म्हणालो, नेमकं म्हणूनच ‘आम्ही’. संघटना स्थापन झाली तेव्हा एक्कावन्न देश होते. आज एकशे त्र्याण्णव आहेत. तेव्हा आफ्रिका आणि आशियातला मोठा भाग परक्यांच्या सत्तेखाली होता. सह्या करणाऱ्यांत भारत होता, पण स्वतंत्र भारत नव्हता. वाक्य सुरू करतात लोक आणि पुरं करतात सरकारं. त्यातला ‘आम्ही’ ऐकणाऱ्या अर्ध्या जगाला वगळून बोललेला होता. भाषांतराने मूळ मजकुराला चांगलं करायचं नसतं.

आजही माझ्या या युक्तिवादात मला तथ्याची चूक दिसत नाही.

तुम्ही वही माझ्याकडे सरकवलीत. ‘‘पावणं, तुमी घडलेलं लिहिता. सनद घडायचं लिहिती.’’ आणि मग आवाज न चढवता, जे तुमच्या बाबतीत क्वचित व्हायचं: ‘‘आमच्या गल्लीला लहानपणापास्नं ‘आमी’ ह्या शबुदाचा अर्थ चांगला ठावं हाय. ‘आमी गावानं ठरिवलंय’ असं सांगाय माणसं यायची. गाव म्हंजे कोण, हे इचारायची सोय न्हवती.’’

मी तरीही ‘आम्ही’ सोडलं नाही. त्या गुरुवारी पान म्होरं गेलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही, आणि त्याच्याही पुढच्या नाही. तीन आठवडे शब्द पाटावर होता. चौथ्या आठवड्यात तुम्ही गेलात.

आता तुम्हाला ठाऊक नसलेल्या गोष्टी.

तुमच्या जलदान विधीला मी आलो होतो. कोडोलीहून तुमची धाकटी मुलगी आली होती, पलटणीतले दोघे मित्र आले होते. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. मी सोप्यात बसलो. पाट होता तिथेच होता. वहिनी शेजारी येऊन टेकल्या आणि पुस्तकाचं विचारलं. मी सांगितलं की एका शब्दावर अडलं आहे.

तिथे येतानाच माझा निर्णय झालेला होता. तो मला तुमच्याच पुस्तकाने दिला होता. पाचवं प्रकरण: परिषदेतला कायम सदस्य बैठकीला गैरहजर राहिला तर त्याची गैरहजेरी नकार म्हणून धरत नाहीत; ठराव पुढे जातो. पूर्वी असं प्रत्यक्ष घडलेलं आहे. ते पान तुम्ही लिहिलंत आणि मी तपासलं. तुम्ही आता गैरहजर होता. नियमाने ‘आम्ही’ पास होत होतं. छापखान्यातही सगळ्यांनी हेच धरलं होतं की आता सर काय म्हणतील ते.

वहिनींना मी एवढा तपशील सांगितला नाही. मी फक्त म्हणालो, ‘‘सुभेदार आता मत द्यायला नाहीत. मला एकट्याला ठरवावं लागणार.’’

‘‘न्हाईत कसं?’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘मत देऊन गेल्यात की ह्ये. तुमच्याच कागदावर पेन्सिलीनं ल्हिवलंय. सही बी केल्या. मला दावली हुती.’’

मग पाट जवळ ओढत त्या म्हणाल्या,

‘‘मत ऱ्हायलंय ते तुमचं, भावजी.’’

त्या उठून आत गेल्या. पाहुण्यांना चहा द्यायचा होता.

मी तीस वर्षं बातम्या तपासतो आहे. कुणी काय म्हटलं आणि कोणत्या क्रमाने म्हटलं, हे बघणं माझं काम. इथे क्रम उलटा लागला होता आणि तो लावणारा मीच होतो. ‘आम्ही’ खोडून ‘आपण’ करायचा ठराव तुमचा होता. मत तुम्ही नोंदवलं होतं. तीन आठवडे पुस्तक अडवून धरणारे तुम्ही नव्हता.

दुसरी गोष्ट एका कापलेल्या पानाची. ती तुम्हाला ठाऊक आहे. मला ती पुन्हा आठवली, हे तुम्हाला ठाऊक नाही. चौथ्या प्रकरणात तुम्ही आफ्रिकेतल्या त्या वर्षातली एक आठवण लिहिली होती. दोन जमातींच्या मध्ये एक विहीर. दोघींचं भांडण पाण्यावरून पेटलेलं. तुमची तुकडी विहिरीच्या राखणीला. पहिल्या सकाळी दोन्हीकडची माणसं जमवली आणि दुभाष्याने घोषणा वाचून दाखवली. दुभाष्या तिथल्या शाळेत शिकवायचा. तुम्ही त्याला मास्तर म्हणायचात. घोषणेचं पहिलं वाक्य असं की, इथे शांतता नांदावी म्हणून आम्ही आलो आहोत. आम्हाला शांतता हवी आहे. डबा घेऊन उभ्या असलेल्या एका म्हातारीने काहीतरी विचारलं. मास्तर गोंधळले, मग हसले, आणि त्यांनी सगळी घोषणा पहिल्यापासून पुन्हा वाचली. दुसऱ्यांदा एकच शब्द निराळा होता.

तुम्ही नंतर विचारलंत तेव्हा त्यांनी सांगितलं: आमच्या भाषेत ‘वुई’ दोन आहेत. एकात ऐकणारा असतो, एकात नसतो. तुम्ही परदेशी, म्हणून मी नसलेला वापरला. तर आजी म्हणाली, शांतता हवी ती ह्यांना हवी आहे की आपल्याला पण?

तुम्ही मास्तरांना सांगितलंत, आमच्याकडेही दोन आहेत. आणि पानाच्या शेवटी लिहिलं होतंत की घरापासून इतक्या लांब तुम्हाला पहिल्यांदा कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं.

मी त्या पानाशेजारी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: ‘पुरावा?’ गावाचं नाव विचारलं, तुम्हाला उच्चार आठवत नव्हता. तारीख विचारली, तीही नव्हती. मास्तरांचं पूर्ण नाव नव्हतं. माझ्या नियमाने मजकूर टिकत नव्हता. मी नकार दिला. पहिल्या शब्दापर्यंत येईतो सबंध पुस्तकात मी नकाराधिकार वापरला तो तेवढा एकदाच. तुम्ही भांडाल असं वाटलं होतं. तुम्ही पान काढून वहीच्या मागे ठेवलंत आणि म्हणालात, ‘‘ऱ्हाऊ दे.’’

पुढे पहिल्या शब्दावर आपण तीन गुरुवार वाद घातला, तेव्हा तुम्ही त्या पानाचा उल्लेख एकदाही केला नाहीत. नामंजूर झालेला पुरावा पुन्हा मांडायचा नाही, असा काही शिस्तीचा नियम तुमच्या मनात असेल. मीही उल्लेख केला नाही. मला ते आठवलंच नाही. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं, म्हणून इथे सांगतो. त्या पानात सनदेविषयी माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा जास्त होतं. ते मी गावाचं नाव नाही म्हणून कापलं.

गेले तीन दिवस मी एक सोपा मार्ग धरून बसलो होतो. कायम सदस्याने मत दिलं नाही, तटस्थ राहिला, तरी तो नकार ठरत नाही. मी तटस्थ राहिलो तर तुमचा शब्द आपोआप पास होतो. माझा युक्तिवादही शाबूत राहतो आणि पुस्तकही निघतं. नियमात चोख बसतं. दोन दिवस मला ते फार आवडलं. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, पहिल्या पानाचं प्रूफ पुढ्यात घेतलं आणि लक्षात आलं की असं केलं तर पुस्तकाच्या पहिल्या शब्दाखाली एकाच माणसाची सही असेल.

हे लिहिता लिहिताच मी ‘आपण’ला होकार दिला आहे, सुभेदार. तुमच्या सहीशेजारी माझी सही केली आहे, शाईने.

एक तळटीप मात्र घातली. तिच्यात लिहिलं आहे की मूळ सर्वनाम मराठीत ‘आम्ही’ असंही करता येतं. स्थापनेच्या वेळी जगातले पुष्कळ लोक परक्या सत्तेखाली होते, त्यांच्यासाठी सही कुणी केली नाही किंवा दुसऱ्यांनी केली. तुमची तिच्यावर हरकत असणार. ‘तळटीप म्हंजे मागल्या दारानं न्हाई म्हणणं’ असं तुम्ही म्हणाला असतात, आणि मी म्हणालो असतो की घडायचं वर छापलं आहे, घडलेलं खाली. दोन्ही एका पानावर राहू द्या. यावर आपला किमान एक गुरुवार गेला असता. तो वाद मला अजून घालायचा आहे. तुमच्या बाजूने काय काय येऊ शकतं ते मी मनाशी मांडून पाहतो आणि टीप दोन ओळींनी कमी करतो. अधिक कमी करणार नाही. तसंच पान छापखान्याला पाठवून दिलं आहे.

विहिरीचं पान पुस्तकात घेतलं नाही. त्याला तुमचा होकार होता, माझा उशिरा आला, आणि उशिरा आलेल्या होकाराने नियम वाकवायचा नाही, हे तुम्हीच म्हणाला असतात. ते इथे वर्तमानपत्रात आलं आहे. गावाचं नाव, तारीख आणि मास्तरांचं पूर्ण नाव उपलब्ध नाही.

पुस्तकं कुणाला द्यायची त्याची यादी तुमच्या अक्षरात आहे. मुरगूडचं वाचनालय, मलकापूरची दोन हायस्कुलं, तुमच्या पलटणीतले मित्र, आणि शेवटी ‘वृत्तसंपादक, मथळ्यांसाठी’. सगळ्यांना पोचतील. वहिनींनी यादीत स्वतःचं नाव नाही हे पाहिलं आणि आमसभेला कोण विचारतो म्हणाल्या. त्यांना पहिली प्रत द्यायचं ठरलं आहे. मला आता तुमची आठवण येते ती बहुतेक वेळा अशी, कुणीतरी हसत असताना.

हे लिहीत असताना छापखान्यातून सुरेखाचा फोन आला. पुस्तकाची सगळी पानं तिने जुळवली आहेत. तुमच्या अक्षरावर तिची नजर माझ्याहून चांगली बसली होती.

‘‘सर, पहिल्या पानावर ‘आपण’ केलंय तुमी. मागल्या प्रुफात ‘आम्ही’ हुतं. चुकून झालं न्हाई न्हवं?’’

‘‘नाही. तसंच हवं आहे.’’

तिने ते वाक्य तोंडातल्या तोंडात वाचलेलं मला ऐकू आलं. ‘आपण, राष्ट्रांचे लोक’.

‘‘ह्यात मी बी आलो की ओ, सर!’’ ती हसली. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी, ‘आलो’ म्हणून. मग मागे मशीनचा आवाज सुरू झाला आणि तिला ओरडून विचारावं लागलं, ‘‘मग काय करायचं? छापायचं?’’

‘छापा’ म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ‘‘छापू या,’’ म्हणालो.